काठीवरचे देव

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात उभं राहून इजिप्तच्या देवांवर बोलायचं म्हणजे लग्नघरी जाऊन शेजारच्या घरातल्या मुंजीचं वर्णन करण्यासारखं आहे. पण विषय मंडळानेच मान्य केला आहे, तेव्हा दोष निम्मा मंडळाचा. आमची ओळख सूत्रसंचालकांनी करून दिलीच आहे. आम्ही सरकारी बांधकाम खात्यातले, डिप्लोमा सिव्हिलचा. इतिहास हा आमचा धंदा नव्हे. मात्र जमिनीतला खड्डा पाहून इथे पूर्वी काय उभं असेल, हे ओळखायची सवय नोकरीने लावली, आणि आजच्या विषयात खड्ड्यांना बरंच महत्त्व आहे.

बडोदेकरांना इजिप्त परकं नाही. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये सयाजीराव महाराजांच्या कृपेने आलेली ममी आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिली आहे, आणि आता आपली मुलं घाबरत घाबरत पाहतात. ही इमारत १८९४ सालची. मराठी घरातलं मूल हिंदुस्थानातल्या एका संस्थानी शहरात राहून इजिप्तच्या माणसाला समोरासमोर पाहू शकतं, ही सोय महाराजांनी सव्वाशे वर्षांपूर्वी करून ठेवली. ममीपाशी मुलं हमखास विचारतात, "यांचा देव कोण होता?" आपण सिनेमातलं ऐकलेलं सांगतो : सूर्यदेव रा, मृतांचा राजा ओसायरिस, त्याची बायको इसिस, थीब्जचा अमून.

ही सगळी नावं मोठी खरी, पण यांतलं एकही पहिल्या फळीतलं नाही. ओसायरिस आणि इसिस यांची नावं लेखांत सापडू लागतात ती पाचव्या राजवंशात, म्हणजे इ. स. पू. २४००च्या सुमारास. तोवर गिझाचे मोठे पिरॅमिड बांधून झाले होते. अमूनचं नावही त्याच सुमाराचं, उनास राजाच्या पिरॅमिडातल्या मंत्रांत. आणि इजिप्तचं एकत्र राज्य उभं राहिलं इ. स. पू. ३१००च्या आसपास. म्हणजे ओसायरिसच्या आधी निदान सातशे वर्षं तिथे राजे होते, पूजा होत्या, देव होते. राजांच्या आधीही हजारएक वर्षं गावं होती आणि गावांचे देव होते. आज बोलायचं आहे ते या आधीच्या देवांबद्दल.

लिहिणं नव्हतं, देवळं नव्हती, मग कळलं कसं? पहिला पुरावा थडग्यांतला. फ्लिंडर्स पेत्री या इंग्रज संशोधकाने १८९४-९५च्या हंगामात वरच्या इजिप्तमधल्या नकादा गावाजवळ दोन हजारांहून अधिक थडगी उकरली. ममी वगैरे काही नाही. वाळूत साधा खड्डा, त्यात पोटाशी पाय घेऊन झोपवलेला माणूस, सोबत मडकी आणि डोळ्यांत घालायचा रंग उगाळायची दगडी सहाण. पेत्रीने मडक्यांचे आकार कसे बदलत गेले यावरून थडग्यांचा क्रम लावला. तारीख एकाही मडक्यावर नाही, पण कोणतं आधीचं आणि कोणतं नंतरचं हे त्याने ठरवून दाखवलं. आमच्यासारख्या मोजमापाच्या माणसाला या गृहस्थाला नमस्कारच करावासा वाटतो.

या मडक्यांपैकी काहींवर लाल रंगाने होड्या काढल्या आहेत. होडीला पुष्कळ वल्ही, मधोमध दोन झोपड्या, आणि झोपडीच्या बाजूला एक उंच काठी. काठीच्या टोकाला खूण : कुठे प्राणी, कुठे डोंगर, कुठे दुतोंडी बाणासारखं काहीतरी. या खुणा वाटेल तशा काढलेल्या नाहीत. त्यांतल्या काही पुढे हजारो वर्षं देवांच्या आणि परगण्यांच्या खुणा म्हणून टिकल्या. म्हणजे देवाची कथा लिहिली जाण्याआधी, त्याला माणसाचा चेहरा मिळण्याआधी, देव काठीवर चढलेला होता.

आता गंमत पाहा. इजिप्तच्या चित्रलिपीत 'देव' हा शब्द लिहायचा तर एकच चिन्ह काढतात. उच्चार साधारण 'नेचेर'. ते चिन्ह म्हणजे कापड गुंडाळलेली काठी, वर कापडाचं टोक फडकतं आहे. पाटीवर काढून मी लहान मुलांना दाखवलं तर ती एका सेकंदात सांगतील, ही गुढी आहे. जोतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला गेलेले लोक सासनकाठी म्हणतील. माघी पौर्णिमेला जेजुरीला काठ्या घेऊन जाणाऱ्यांना तर वेगळं सांगायलाच नको.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण सभा संपल्यावर कुणीतरी मोबाइल पुढे करणार. गुढी इजिप्तहून आली, किंवा इजिप्तचे देव आपल्याकडून गेले, असे जे संदेश फिरतात त्यांना काही आधार नाही. लांबून दिसावं म्हणून उंच काठी आणि वाऱ्याने हलावं म्हणून कापड, ही युक्ती माणसाला कुठेही सुचू शकते. दोन घरांत तुळशी असल्या म्हणून ती घरं सोयरी होत नाहीत. साम्य पाहण्यात आनंद आहे, तो घ्यावा. नातं जोडायचं तर कागद दाखवावा लागतो, हे सरकारी माणसाने सांगायला नको.

तर पुन्हा खड्ड्यांकडे. वरच्या इजिप्तमध्ये नेखेन नावाचं प्राचीन नगर होतं, ग्रीक त्याला हायराकोनपोलिस म्हणजे ससाण्याचं नगर म्हणत. तिथे १९८०च्या दशकात एक जागा सापडली. इ. स. पू. साडेतीन हजारांच्या सुमाराची. मातीने सारवलेलं लांबट गोल अंगण, आणि त्याच्या कडेला ओळीत भलेमोठे खड्डे. खड्डे लाकडी खांबांचे. एवढ्या रुंदीचे खड्डे घेतले म्हणजे खांब चांगलेच उंच असणार, हे आमच्या खात्यातला कुणीही सांगेल. समोरच्या बाजूला चटयांनी आणि लाकडाने उभारलेलं देवस्थान, आणि अंगणात आणखी एक खांब, बहुधा देवाच्या खुणेचा. आसपास मोठाले मासे, मगरी, कासवं, हरणं यांची हाडं. हे इजिप्तमधलं आतापर्यंत कळलेलं सर्वांत जुन्या देवस्थानांपैकी एक. दगडाचा तुकडा नाही. आपण आत्ता बसलो आहोत तसा हा मांडवच म्हणायचा. पुढे दगडी देवळं आली तेव्हाही या मांडवाचा आकार चित्रलिपीत 'देवस्थान' या अर्थी राहून गेला.

याच नेखेनच्या स्मशानात बड्या लोकांच्या थडग्यांभोवती प्राणी पुरलेले सापडले : माकडं, बिबट्या, रानबैल, पाणघोडा, कुत्री, मांजरं, आणि अख्खे हत्ती. गणपतीसमोर हे सांगताना आम्हाला अंमळ संकोच होतो, पण आहे ते आहे. हत्तीला इतक्या इतमामाने पुरणाऱ्या लोकांच्या पुढच्या देवमंडळात मात्र हत्तीचा देव नाही. प्रदेश कोरडा होत गेला, हत्ती इजिप्तमधून नाहीसा झाला, आणि जो प्राणी डोळ्यांसमोर नाही त्याचा देव होत नाही, असा आम्ही लावलेला अर्थ. विद्वान याहून चांगला लावतील. ससाणा राहिला, कोल्हा राहिला, गाय राहिली, नाग राहिला. त्यांचे देव राहिले.

आता एकेका देवाकडे वळू. नाव आणि मूर्ती दोन्ही सापडणाऱ्यांत फार जुना देव म्हणजे मिन. त्याची खूण तीच, मडक्यावरची दुतोंडी बाणासारखी. कॉप्टोस या गावी पेत्रीला १८९४ मध्ये मिनच्या तीन प्रचंड मूर्ती मिळाल्या. मोडक्या आहेत, पण मुळात चांगल्या तेरा फूट उंच असाव्यात. त्यांच्या अंगावर खुणा कोरल्या आहेत, त्यांत डोंगरांवर उभे असलेले हत्तीही आहेत. मिन हा सृजनाचा, पिकाचा आणि वाळवंटातल्या वाटांचा देव. त्याची मूर्ती पुरुषत्व न झाकणारी. शिवलिंगापुढे हात जोडत वाढलेल्या आपल्याला त्यात वावगं वाटायचं कारण नाही, पण त्या काळच्या विलायतेत पंचाईत झाली. ब्रिटिश म्युझियमने त्या मूर्ती घेतल्या नाहीत. त्यांतल्या दोन आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियमची शान आहेत, तिसरी कैरोत.

मग येते नार्मेर राजाची सहाण. नेखेनलाच १८९८ मध्ये सापडली, आज कैरोत आहे. हातभराहून मोठी, ६४ सेंटीमीटर उंचीची दगडी पाटी. आकार डोळ्यांचा रंग उगाळायच्या सहाणेचाच, पण इतक्या मोठ्या सहाणेवर कोण काजळ उगाळणार? ही देवाला वाहिलेली. तिच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना गाईचे कान आणि शिंगं असलेल्या देवीचे मुखवटे आहेत. ही बहुधा बात देवी. काही जण तिला हाथोर म्हणतात, आणि पुढे बात हाथोरमध्ये मिसळूनच गेली. एका बाजूला राजा शत्रूच्या टाळक्यात गदा घालतो आहे, आणि ससाणा, म्हणजे होरस, पाणथळ प्रदेशाच्या नाकात वेसण घालून ओढतो आहे. दुसऱ्या बाजूला राजा विजयानंतर शिरच्छेद केलेल्या शत्रूंची पाहणी करायला निघाला आहे. दहा प्रेतं, प्रत्येकाचं मस्तक पायांमध्ये ठेवलेलं.

राजाच्या पुढे चौघे चालले आहेत, चौघांच्या हातात काठ्या. दोन काठ्यांवर ससाणे, एकीवर कोल्ह्यासारखा प्राणी, एकीवर पिशवीसारखी खूण. ढोलताशे नाहीत एवढंच, एरवी मिरवणूक पूर्ण आहे. त्या कोल्ह्याच्या देवाचं नाव वेपवावेत. अर्थ : वाटा उघडणारा. राजाची स्वारी निघाली की याची काठी पुढे, मग बाकीचे. कोणत्याही कार्याच्या आरंभी वाट मोकळी करणाऱ्याला पुढे घालायचं, ही गरज पाच हजार वर्षांपूर्वी नाईलच्या काठीही होती. आम्हाला तरी इजिप्तच्या सगळ्या देवांत हा सर्वांत जवळचा वाटतो, आणि नेमका तोच सिनेमात कधी येत नाही.

या काठ्यांमागे राजकारणही आहे. एकेक काठी एकेका प्रदेशाची, एकेका जमातीची. राज्य एक झालं तेव्हा जिंकणाऱ्याने हरलेल्यांचे देव फेकून दिले नाहीत. वरच्या इजिप्तची गिधाडरूपी देवी नेखबेत आणि खालच्या इजिप्तची नागीण वाजेत या दोघी मिळून राजाच्या रक्षणकर्त्या झाल्या आणि 'दोन देवी' ही राजाची पदवी ठरली. खालच्या इजिप्तमधल्या साईसची नेइथ देवी, खूण आडवे-तिडवे दोन बाण. पहिल्या राजवंशाच्या राण्यांची नावंच तिच्यावरून आहेत, नेइथहोतेप आणि मेरनेइथ. नावावरून देव ओळखता येतो तो असा. आपल्याच गादीवर एकापाठोपाठ एक बसलेल्या तीन भावांची नावं आठवा : गणपतराव, खंडेराव, मल्हारराव. उद्या बडोद्याचे सगळे कागद जळाले आणि एवढी तीन नावं उरली, तरी गायकवाड कोणाला भजत होते हे संशोधक बरोबर सांगेल.

सगळं गोडीगुलाबीने झालं असं मात्र नाही. राजाचं नाव चौकटीत लिहायचं आणि चौकटीवर होरसचा ससाणा बसवायचा, अशी रीत होती. दुसऱ्या राजवंशात पेरिब्सेन नावाच्या राजाने ससाणा काढला आणि तिथे सेत देवाचा विचित्र, सरळ कानांचा प्राणी बसवला. का, यावर अजून वाद आहेत. पण देवाची खूण बदलणं ही तेव्हाही केवढी मोठी घटना होती हे कळतं. पुढे खासेखेम्वी राजा आला आणि त्याने चौकटीवर दोघांनाही शेजारी शेजारी बसवलं. इ. स. पू. २७००च्या सुमाराची ही गोष्ट. आम्हाला सरकारी नोकरीत अशी फाइल निकाली काढणारे साहेब क्वचित भेटले.

याच पेरिब्सेनच्या काळच्या मोहरांवर माणसाचं धड आणि प्राण्याचं डोकं असलेले देव प्रथम नीट दिसू लागतात. म्हणजे क्रम असा : आधी काठीवरची खूण आणि प्राणी, नंतर माणूस, मग दोन्हींचा मेळ. प्राण्याचं मस्तक पाहून परदेशी लोक हसायचे. ग्रीक हसले, रोमन हसले, नंतर आपल्या गजाननाकडे पाहून साहेब हसला. पण इजिप्तच्या माणसाला देव खरोखर तसा दिसतो असं म्हणायचं नव्हतं. डोकं हे अक्षरासारखं होतं, हा कोण ते वाचता यावं म्हणून. लहान मुलालाही लांबून ओळखता येणारा देव, यात हसण्यासारखं काय आहे?

आता थोडं घरचं. नोकरीनिमित्त आम्ही छोटा उदेपूरच्या बाजूला पुष्कळ फिरलो. तिथे राठवा आदिवासींची देवस्थानं झाडाखाली उघड्यावर असतात. छप्पर नाही, भिंत नाही. नवस फेडलेले मातीचे घोडे ओळीने उभे, जुने फुटून मातीत मिसळताहेत, नवे शेजारी येताहेत. रस्त्याची आखणी करताना अशी जागा वाटेत आली की नकाशावर ती कधीच नसते, कारण बांधकाम नाही. गावकरी मात्र साखळी धरणाऱ्याला थांबवतात. नेखेनचे खांबांचे खड्डे वाचताना आम्हाला ते घोडे डोळ्यांसमोर येत होते. पाच हजार वर्षांनी कुणी इथे खणलं तर त्याला खापऱ्या मिळतील. त्या खापऱ्यांच्या ढिगाला देवस्थान म्हणायचं की उकिरडा, हे त्याच्या डोळ्यावर अवलंबून.

आणि आपल्या घरातले टाक. आपले पूर्वज पिलाजीराव, दमाजीराव यांच्या फौजेबरोबर आणि मागून कारकुनी, भिक्षुकी, दुकानदारी करायला देशावरून, कोकणातून इथे आले. १७३४ पासून बडोदे कायमचं गायकवाडांकडे राहिलं, म्हणजे काही घरांना इथे पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली. देऊळ काही बैलगाडीत घालून आणता येत नाही. आला तो टाक, बोटभर चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला घोड्यावरचा खंडोबा, भवानी, एखादा वीर. मूळ ठिकाण राहिलं तिकडे आणि खूण आली इकडे, काठीवर चढवून नेलेल्या देवासारखीच. आज आपल्यातल्या किती घरांत टाकावर कोण आहे हे नक्की सांगता येतं? आम्ही या व्याख्यानाच्या निमित्ताने ओळखीच्या काही घरी सहज विचारलं. कुणी म्हणालं खंडोबा, कुणी म्हणालं जोतिबा असेल, एका ठिकाणी सांगितलं की आजीला माहीत होतं. टाकाची पूजा रोज होते. चांदी चकचकीत होती आणि घासून घासून चेहरा गेलेला होता.

नाव जातं आणि देव राहतो, असं इजिप्तमध्येही झालं. अबायडोस या गावी स्मशानाचा रक्षक असा एक कोल्ह्याच्या रूपाचा देव होता, खेंतीआमेंतिऊ, म्हणजे पश्चिमेकडच्यांचा अग्रणी. पश्चिमेकडचे म्हणजे मेलेले, कारण सूर्य तिकडे मावळतो. पहिल्या राजवंशाच्या मोहरांवर त्याचं नाव आहे. पुढे ओसायरिस मोठा झाला तेव्हा हे नाव ओसायरिसचं विशेषण बनलं. मूळ देव संपला की मोठ्या देवात जाऊन जगला? आपल्याकडे डॉ. रा. चिं. ढेरे यांनी आयुष्यभर याच प्रकारचे प्रश्न विठोबा, खंडोबा, तुळजाभवानी यांच्याबद्दल विचारले. रानातला, धनगराचा, वाटेवरचा देव पुराणातल्या देवाचा अवतार कसा होतो हे ज्यांना समजून घ्यायचं असेल त्यांनी त्यांची पुस्तकं वाचावीत. इजिप्त त्यानंतर फार सोपं वाटू लागतं.

शेवट कसा झाला तेही सांगतो. रोमन साम्राज्य ख्रिस्ती झालं, देवळांचं उत्पन्न गेलं, पुजारी कमी होत गेले. चित्रलिपीतला तारीख असलेला शेवटचा लेख फिलेच्या देवळात आहे, २४ ऑगस्ट ३९४ या दिवसाचा. त्यानंतर ती लिपी लिहिणारा माणूस उरला नाही, आणि थोड्याच काळात वाचणाराही. १८२२ मध्ये शाम्पोलियोंने ती पुन्हा वाचेपर्यंत, म्हणजे चौदाशेहून अधिक वर्षं, काठीला फडकं बांधलेलं ते चिन्ह हजारो भिंतींवर उघड्यावर होतं आणि त्याचा अर्थ 'देव' आहे हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं.

पण लुक्सरला एक गोष्ट अजून चालू आहे. प्राचीन काळी तिथे ओपेतच्या उत्सवात अमूनची मूर्ती होडीत बसवून पुजारी खांद्यावरून मिरवत नेत. त्या देवळाच्या अंगणातच आज अबुल हग्गाग या मुसलमान संताची मशीद आहे. दरवर्षी त्यांच्या उरुसाला लुक्सरचे लोक होड्या घेऊन रस्त्यांतून मिरवणूक काढतात. अमून कोण हे त्यांतल्या पुष्कळांना सांगता येणार नाही. नदी बाजूला असताना होडी रस्त्यावरून का न्यायची, असं विचारलं तर म्हणतात, वडील नेत होते. होडीत मुलं बसतात, ढोल वाजतो, बायका गच्चीवरून पाहतात.

आरतीची वेळ झाली आहे, मागे मुलं झांजा घेऊन तयार उभी दिसताहेत. आम्ही थांबतो.